दुपारी साडेतीनपासून

साडेतीनला आचारसंहिता लागली,
चारला आम्ही शिडी घेऊन द्वारका सर्कलला.
सरकारी भिंतीला चोवीस तास,
सार्वजनिक खांबाला अठ्ठेचाळीस,
खासगी गच्चीला बहात्तर.
साहेबांनी पाठच करून घेतलेलं,
पाढ्यांसारखं.

भाऊंचे जोडलेले हात मनगटाशी कापले,
अण्णांचं हसू आडवं गुंडाळलं.
पंचवटीत कोनशिलेवर पेपर चिकटवताना
नळावरची बाई म्हणाली,
"नाव झाकताय ते झाका,
पण पाणी कधी येणार,
ते बी झाकलं का?"
खळीचा हात तसाच राहिला.

भद्रकालीत एका खांबावर थरावर थर.
सोलत गेलो.
वाढदिवस, निवड, अभिनंदन, पुन्हा वाढदिवस,
आणि सगळ्यात आत, गंजक्या तारेला चिकटलेला
आमचा हेमराज.
मिसरूडही नव्हतं फुटलं तेव्हा.
'दहावीत चौऱ्याऐंशी टक्के! शुभेच्छुक: समस्त गल्ली.'
परवानगी क्रमांक नाही.
मुद्रकाचं नाव नाही.

गांगुर्डे खालून ओरडला, "काढ की रे, अजून सतरा खांब आहेत!"

पंचनाम्यात लिहिलं:
विनापरवाना फलक, नग एक.

चार घड्या घालून डिक्कीत ठेवलाय.
गोदामात जमा करायचा
राहूनच जातोय.