तीन कमी पडले

तहसीलचा कागद आला की मी हलगी शेकायला बसतो.
आता तो सगळ्यांच्या मोबाइलवर पण येतो,
तरी पोलीस पाटील म्हणतात, पद्धत आहे, फिर.

ऐका होऽ ऐका,
चार तारखेपासून अकरा तारखेपर्यंत
सकाळी सात ते दुपारी दोन
देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव आहे,
डोंगरावर लाल निशाण दिसलं की
गुरं, शेरडं, लाकडाला जाणाऱ्या बाया,
कुणी वर जायचं नाही होऽ

आवाज येणार आहे, हे सांगायला
आधी माझा आवाज.

यंदा कागदामागून एक माणूस आला, कुलथे नावाचा.
तिपाईवर काळं यंत्र, त्याला फेसाची टोपी.
म्हणाला, कोण्या जमिनीवर किती आवाज पडतो ते लिहायचंय.
शाळेला कमी चालतो, शेताला जास्त,
पडिकाला कितीही.
मी म्हटलं, पडिकात टिटवीनं अंडी घातलीत.
त्यानं कागदावर रकाना शोधला,
नव्हता.

शाळेत पाळदे बाई पाढे घेत होत्या.
सात साती एकोणपन्नास, सात आठे –
धडाम्
– छपन्न.
पोरं थांबली पण नाहीत, फक्त श्वास घेतला.
ह्या गावच्या पाढ्यात तेवढी जागा असतेच.

मुठाळांच्या पोल्ट्रीत कोंबड्या एका कोपऱ्यात ढीग होऊन.
मुठाळ काही बोलला नाही,
खालच्या चार मेलेल्या काढून दाखवल्या.

चिमाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.
ही मोठी, म्हणाली. ही नवी आणलीय, हिचा घसा कोरडा आहे.
भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवलेली,
पट्टीवर नातवानं घातलेली तारीख.
काच तडकली की नवी पट्टी, नवी तारीख.
सात झाल्या.
तक्रार लिहू का, कुलथे म्हणाले.
ती म्हणाली, माझं दूध कॅम्पातच जातं रे बाबा,
जरा हळू लिही.

वेशीबाहेर प्लॉट पाडलेत, पाटी आहे:
निसर्गरम्य, शांत परिसर.
गिऱ्हाइकं रविवारीच आणतात.
रविवारी तोफा झोपतात.

माझा डावा कान कधी गेला, मला कळलं नाही.
बायको त्या बाजूनं बोलायची आणि रुसायची,
मी म्हणायचो, तूच हळू बोलतेस.
हे मी कुलथ्यांना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही,
जमीन मोजायला आले होते.

दोन वाजता निशाण उतरलं.
यंत्र गुंडाळताना म्हणाले, गंमत म्हणून
द्या बरं एक दवंडी ह्याच्यासमोर.
हलगी नको, नुसता गळा.

मी लाजलो. मग पारावर उभा राहून
छाती भरून घेतली
आणि बापानं शिकवली होती तशी दिली,
पिंपळावरची वटवाघळं हलली, म्हातारे उठून बसले,
दोन गल्ल्यांपलीकडून कुणी ओरडलं, आता काय झालं होऽ

काय आला, मी विचारलं.
अठ्ठ्याऐंशी.
आणि तोफेचा?
इथं पारावर एक्क्याण्णव, चार किलोमीटरवरून.

म्हणजे तीनच कमी.
कुलथे म्हणाले, तसं नसतं, तीन म्हणजे
दुप्पट असतं ते, ह्या हिशेबात.
मी उजवा कान पुढं केला,
पुन्हा सांगा म्हटलं.