अर्धा तास काही लावू नका

साडेसातला शटर अर्धंच वर करते,
ऊन मात्र पूर्ण आत येतं.
सेलूचं चैत्रातलं ऊन, त्याला सकाळ माहीत नाही.

पहिली गंगासागर, परभणी गाडीची कंडक्टर.
"एखादी चांगली क्रीम द्या ताई, चिकट नगं."
चांगली कुणाला, ते आधी ठरू दे.
मागं मोरी आहे. नुसत्या पाण्यानं तोंड धुवा,
घासू नका, टिपा,
आणि या स्टुलावर बसा.
अर्धा तास काही लावू नका.

"अर्धा तास?"
सगळ्या असंच विचारतात,
जसा मी अर्धा तोळा मागितला.

पण त्याशिवाय कातडी खरं बोलत नाही.
कपाळ, नाक चकाकलं, गाल कोरडेच राहिले
तर दोन्हींचं वेगळं बघायचं.
सगळाच चेहरा तुकतुकला तर पाण्यासारखं जेल,
हसताना ओढ बसली तर दुधाळ फेसवॉश
आणि तोंड ओलं असतानाच घट्ट क्रीम.
बोअरच्या पाण्याचा दोष मी वेगळा धरते.
बादलीच्या कडेला जी पांढरी रेघ धरते
ती गालावरही धरते,
दिसत नाही इतकंच.

गंगासागरचा डावा गाल उजव्याहून सावळा.
खिडकी त्या बाजूला असते.
"बारा वर्षांत अशी बसले नव्हते," म्हणाली,
"बसले तरी सुट्टे मोजत बसते."
तिला सनस्क्रीन दिलं, आणि सांगितलं,
डाव्या गालाला मानेपर्यंत ने,
जिंतूर फाट्याला उतरलीस की परत लाव.

तहसीन रात्रपाळी संपवून थेट येते.
मास्कच्या कडेनं पुरळ, बरोबर रेघ ओढल्यासारखं.
तोंड धुऊन स्टुलावर बसली
आणि भिंतीला डोकं टेकून झोपली.
अर्धा तास झाला. पाऊण झाला.
मी पंख्याची दिशा तेवढी बदलली.

मग दीक्षा. पोलीस भरतीची तयारी,
पहाटे पाचपासून मैदानावर.
मुठीत घामानं ओली झालेली शंभराची नोट.
"मला ती ट्यूब द्या, गोरं करणारी.
पळून पळून काळी पडले मी."

ती ट्यूब मी ठेवत नाही.
कामून, म्हणून विचारते पोरगी.

गल्ल्याच्या खालच्या खणात एक आहे, रिकामी,
शेवटपर्यंत गुंडाळत नेलेली.
वनमालाची. माझ्या भावजयीची.
तिच्या बहिणीचं लग्न होतं, तिला उठून दिसायचं होतं.
पंधरा दिवसांत उजळली.
बाया विचारायच्या, काय लावू लालीस माय?
ती माझ्या दुकानाचं नाव सांगायची.
सहा महिन्यांनी गाल कांद्याच्या पातीसारखे,
वरचा पापुद्रा काढल्यावर आतला दिसतो तसे,
लाल, आणि बारीक शिरा मोजता येतील इतके.
चुलीपुढं बसवेना. उन्हात जाता येईना.
डॉक्टरनं ट्यूब हातात घेतली,
मागचं बारीक अक्षर वाचलं, आणि माझ्याकडं पाहिलं.

वनमालानं मला कधी बोल लावला नाही.
त्या ट्यूबमागं मला अकरा रुपये सुटले होते.

दीक्षाला हे सगळं सांगितलं नाही.
बस म्हटलं. अर्धा तास.
ती बसली, पाय हलवत, मनात फेऱ्या मोजत असावी.
नाक चकाकलं, कपाळ चकाकलं, हनुवटी,
सगळी पोरगीच चकाकली.
हलकं सनस्क्रीन, छोटी बाटली.
दोन बोटं भरून घे,
कानाच्या पाळ्या विसरू नको.
"आणि गोरं?"
भरतीत उंची मोजतात, म्हटलं. छाती, पळणं.
दीक्षा हसली, पटलं नाही.
वीस रुपये राहिले. राहू दे.

मला विचारतात, तुम्ही काय लावता?
मी कपाटाकडं बोट दाखवते.
खरं म्हणजे आरसा गिऱ्हाइकाकडं तोंड करून आहे,
माझ्याकडं त्याची पाठ.

आज नऊच्या सुमाराला वनमाला आली.
तीन वर्षांत पहिल्यांदा पायरी चढून वर.
मोरीकडं गेली, पाण्याचा आवाज आला.
स्टुलावर बसली.
तोंडावरचा पदर काढून मांडीवर ठेवला,
घडी घातली, पुन्हा मोडली.

मी घड्याळाकडं पाहिलं नाही.
बाहेरून कुणीतरी टिकल्यांचं पाकीट मागितलं.
म्हटलं, थोडं थांबा.