बांध कुठे फोडायचा

सभा शाळेच्या व्यायामशाळेत.
बास्केटबॉलच्या जाळीखाली नकाशा टांगलेला,
त्यात उपसागर निळा, मिठागरं गुलाबी,
आणि गाव इतकं बारीक
की कुणाचा तरी ओला अंगठा लागून पुसलं गेलं होतं.
मी टिपणं घ्यायला बसले होते,
नगरपालिकेतर्फे.

ठराव असा :
दर भूखंडाला वर्षाकाठी चौदा डॉलर जादा पट्टी,
वीस वर्षं.
त्यातून जुने बांध फोडायचे, खाजण परत आणायचं,
म्हणजे उधाणाचं पाणी गवतातच दमेल,
आपल्या उंबऱ्यापर्यंत पोचणार नाही.

"चौदा डॉलर म्हणजे वर्षाला एक सँडविच आणि कॉफी,"
टाय लावलेला तरुण तिसऱ्यांदा म्हणाला
तेव्हा थुई उठली, नखं रंगवायचं दुकान चालवणारी.
"टेकडीवरच्या काचेच्या कचेरीलाही एकच सँडविच?
तिथे चारशे माणसं जेवतात."
मी लिहिलं : हशा.
तरुणाने कायद्याचं कलम वाचलं.
कलम बरोबर होतं.

मग ओलावो बेतेनकोर्ट.
नावात ओलावा, आवाज मात्र
उन्हात राहून गेलेल्या मिठाचा.
एकतीस वर्षं त्याने मिठागरांचे बांध राखले,
गाळ उपसायच्या बोटीवर.
बाप अझोर्स बेटांवरून आलेला, त्यानेही तेच केलं.
"समुद्राला बाहेर ठेवायचे मला पैसे मिळाले,"
तो म्हणाला,
"आता त्याला आत घ्यायचे मीच भरू?"
आणि बसला.
मी लिहिलं : विरोध, एक.
खाल्ल्या मिठाला जागणं
कुठल्या रकान्यात घालतात, मला ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरात मतदान.
दोन तृतीयांश लागत होते,
अकरा मतांनी निभावलं.
आपण विरोधातच मत दिलं, हे ओलावो
चर्चच्या पायरीवर, पेट्रोल भरताना,
न विचारता सांगत होता.
पट्टीचा कागद घरी पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी
माझ्या खिडकीशी उभा.
नोटा मोजल्या. पावती दोनदा वाचली.
"हरलो म्हणून बुडवणार नाही," म्हणाला.

बांधावर लाल झेंडे रोवले होते
इंजिनियर ताकेमोतो बाईंनी,
उपग्रहाने दाखवलेल्या जागी.
ओलावो काठी टेकत आला,
झेंड्यांपाशी थांबलाच नाही.
दीडशे पावलं पुढे जाऊन काठी चिखलात खुपसली.
"इथे."
"इथेच का?"
"दर हिवाळ्यात ते इथूनच यायचं. रात्रीचं.
सतरा वर्षं मी इथे माती टाकली,
शिंपल्यांची खडी टाकली,
एकदा तर अख्खा फ्रिज.
ते मागे सरायचं, आणि थांबून राहायचं.
माझ्याइतकं त्याला कुणी अडवलेलं नाही, बाई.
कुठून यायचंय त्याला, ते मला विचारा."

बाईंनी लॅपटॉप मिटला.
चिखलाकडे पाहत राहिल्या, बराच वेळ.
परवानगी बदलून घ्यायला नऊ आठवडे गेले.

यंत्राने दोन घास काढले.
तिसऱ्या घासात फ्रिजचं दार,
अजून पांढरं.
कुणीच हसलं नाही.
हे मी लिहिलं नाही, त्या दिवशी मला सुट्टी होती.

पाणी धावत आलं नाही.
आधी नुसती ओल आली,
मग बोटभर रुंद एक वाट,
तिच्यात एक काडी, उलटसुलट होत.
दोन शेकाट्या कुठूनशा येऊन
आपल्या लांब गुलाबी पायांवर उभ्या राहिल्या,
जणू जागा त्यांच्याच नावावर होती.

थुईने पिशवीतून सँडविच काढलं, अर्धं केलं.
"या वर्षीची पट्टी," म्हणाली.
ओलावोने खाल्लं.
त्याची घडीची खुर्ची काठाला होती.
पाणी पायांशी आलं तेव्हा
त्याने ती हातभर मागे घेतली.
काही वेळाने आणखी हातभर.