कारणाचा रकाना

बत्तीस वर्षं खांबावर चढलो.
फॉल्ट शोधायची एक रीत असते :
लाइन मधोमध तोडायची,
ज्या अर्ध्यात अंधार, त्याचं पुन्हा अर्धं.
कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही,
लोकांना अंधारात काहीही दिसतं.

रिटायर झालो, जालन्यात घर बांधलं,
आणि फॉल्ट माझ्यामागं घरी आले.

पौषात रात्री सव्वातीनला बेल वाजायची.
दार उघडलं की थंडी,
आणि उखंडे सरांचं कुत्रं, तेही बुचकळ्यात.
चंद्रकला म्हणाली, थोरल्या भावजींची तिथी राहिली.
मी स्विच खोलला.
आत मुंग्यांनी ठासून माती भरलेली.
पहाटेचं दव पडलं की माती ओली,
माती ओली की करंट चालू.
स्विच पुसला. तिथीही घातली.
दोन्ही केल्यावर बेल थांबली,
तेव्हा कशानं थांबली हे आमच्या घरात अजून ठरायचंय.

मग वरची टाकी. नळाला पाणी नवव्या दिवशी,
आणि टाकी पाचव्यालाच ठणठणीत.
खाजाभाई प्लंबर म्हणाला, पाइप फुट्या साब, फरशी खोदो.
मी म्हटलं, थांब.
संडासच्या फ्लशमध्ये रंग सोडून बघू. कुंकवाचा करंडा उचलला
तर ही धावून आली, लाज नाही का म्हणाली.
मग होळीचा उरलेला जांभळा टाकला.
तासाभरात खाली भांडं जांभळं.
वीस रुपयांचा वायसर.
खाजाभाईनं चहा घेतला, फरशीकडं हळहळून बघितलं.

इथवर माझी कॉलर ताठ होती.

मोसंबीची दोन कलमं मेव्हण्यानं दिलेली, घनसावंगीहून,
एका दिवशी लावली, फाटकाच्या दोन बाजूंना.
उजवं हिरवंगार.
डावं पाचव्या वर्षी शेंड्यापासून करपायला लागलं,
पानांच्या कडा आधी, जसा कागद पेटतो.
खोड बघितलं, डिंक नाही.
मुळं उकरली, वाळवी नाही.
उखंडे सर म्हणाले, नजर.
मी सरांवरच संशय घेतला,
त्यांच्या गाडी धुण्याच्या साबणावर,
चार दिवस बोललो नाही.

शेवटी रीतीवर आलो. दोन झाडं,
माती एक, ऊन एक, शेणखत एका पाटीतलं.
मग फरक काय?
बसलो ओट्यावर. बघत राहिलो.
आणि मला ती नळी दिसली, पांढरी, बोटाएवढी,
फिल्टरमधून भिंतीवरून उतरून
डाव्या आळ्यात थेंब थेंब सांडणारी.

मीच जोडलेली. दोन क्लिपा मारून.
फिल्टरचं वाया जाणारं पाणी, जालन्यातलं पाणी,
थेंबसुद्धा गटारात जाऊ देणार नाही, म्हणालो होतो,
शेजाऱ्यांना बोलवून दाखवलंही होतं.
बोअरचा सगळा क्षार गाळून
दोन वर्षं त्याच्या मुळाशी घालत होतो, कौतुकानं.

ही तेव्हाच म्हणाली होती,
"कामून टाकू राहिले ते पाणी?
फरशीवर बघा ना, कसं पांढरं चढतंय."
मी म्हणालो होतो, तुला यातलं कळत नाही.

ऑफिसात रजिस्टर असायचं. शेवटचा रकाना : कारण.
वरून खालपर्यंत एकच शब्द, पक्षी.
पक्षी बसल्यामुळं. पक्षी धडकल्यामुळं.
जांपरची गाठ माझी सैल राहायची,
आणि रकान्यात एक साळुंकी मरायची.
किती साळुंक्या लिहिल्या असतील मी.
एकीनंही कधी तक्रार केली नाही.

काल टँकरचं पाणी घेतलं, पैसे मोजून,
आळ्यातली पांढरी खपली खरवडली,
आठ बादल्या सोडल्या, मीठ खाली उतरावं म्हणून.
नळी काढली. आता तिच्याखाली टोपलं आहे,
फरशी पुसायला, नाही, फरशीलाही नको,
संडासला.

झाड जगेल का, सांगता येत नाही.
चंद्रकला गवार मोडत बसली होती.
मी म्हणालो, पाण्यानंच झालं.
ती म्हणाली, कुठल्या?
तिला माहीत होतं कुठल्या.
मी सांगितलं तरी, पूर्ण,
नळी, क्लिपा, तारखेसकट.
तिनं मान हलवली, पुढची शेंग मोडली,
म्हणाली, सरांकडं जाऊन या आधी.