मधली खोली

नकाशावर एक खोली मी मोकळी सोडली.
नाव लिहिलं नाही तिच्यावर.
भूपालअण्णा मगदूमांनी चष्मा कपाळावर चढवला.
"हितं काय करायचं?"
काही नाही, म्हटलं.
"काय न्हाई करायला बारा बाय चौदा?"

शिरोलीला त्यांची फाउंड्री.
तिथं पोकळी म्हणजे खोट.
ओतीव लोखंडाच्या पोटात वाटाण्याएवढा बुडबुडा राहिला
की पुण्याहून अख्खा ट्रक माघारी येतो.
आणि मी त्यांना क्योतोच्या गोष्टी सांगत होते:
दोन खांबांमध्ये जे बांधलेलं नसतं
त्याला तिकडं 'मा' म्हणतात.
"मा म्हणजे नको," अण्णा म्हणाले,
"पाठशाळेत शिकलोय.
मग नकोच की."

तरी खोली झाली.
कशी, ते मलाही नीट ठाऊक नाही.
बहुतेक पैसे संपत आले होते म्हणून.

इलाहीचाचांनी भिंतीला चुना दिला.
चुन्यात हिरड्याचं पाणी,
आणि वडणग्याच्या गुऱ्हाळातला गूळ.
थापी जिथं दम घ्यायला थांबली
तिथं एक लाट राहिली.
घासू नका, म्हटलं, राहू दे.
चाचांनी जन्मभर लाटाच घासल्या होत्या.
थापी धुतली, आणि त्या दिवशी चहा न पिताच गेले.

चौथ्या दिवशी मुंग्या आल्या,
काळ्या, एका ओळीत, पार छतापर्यंत.
अण्णांचा फोन:
"तुमच्या जपानात मुंग्या असत्यात का?"
असतात, म्हटलं.
फोन ठेवल्यावर हसू आलं,
मग नाही आलं.

तावडे हॉटेलच्या फाट्याशी गाडी अडकली तेव्हा सुचलं
जे आधीच सांगायला हवं होतं:
अण्णा, वाळूच्या साच्यात तुम्ही आधी काय घडवता?
पोकळीच ना?
लोखंड मागून येतं.
मागच्यानं हॉर्न दिला.

दिवाळी झाल्यावर गेले एकदा, न कळवता.
कलती दुपार. फाटकातून ती खिडकी दिसते,
बुटकी, जमिनीलगतची. ऊन आत शिरलेलं.
अण्णांच्या पायताणाची करकर
अख्ख्या शिरोलीला माहीत आहे,
लांबून ऐकूनच पोरं बिड्या विझवतात.
ती करकर जिना उतरली,
सोप्यातून चालत आली,
उंबऱ्याशी थांबली.
पायताण बाहेर राहिलं.
मग काही ऐकू आलं नाही.
बराच वेळ.

मी परतणारच होते.
"कोण, मॅडम का? या की."
भुईवर मांडी घालून बसले होते, भिंतीकडं तोंड करून.
लाटेला बोटभर सावली पडली होती.
एक मुंगी उरली होती, ती सावलीच्या कडेनं चालली होती.

"एक सोफा टाकावा म्हणतो हितं."
मी काही बोलले नाही.
मग तेही काही बोलले नाहीत.