७१७२

गावदेवीहून माझगावला पोस्टकार्ड यायला
दोन दिवस लागतात.
चालत गेलं तर पाऊण तास.
पण तळपदेबाईंकडे मी कधी गेलो नाही.
त्यांनी बोलावलं नाही, आणि पटावर
माझी शोभा आधीच बरीच झालेली.

बाराव्या चालीला माझा उंट
आगाऊपणे पुढे गेला, तो परत आला नाही.
बाईंनी कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं :
'हवी तर बदला. हे कार्ड मला मिळालंच नाही असं समजते.'
मी बदलली नाही.
गोदीत तीस वर्षं वजनं लिहिली,
शाईने मांडलेला आकडा खोडायची सवय नाही.

पोस्टमन वायंगणकर कार्डं वाचतो.
चार आकडे, खाली सही, बाकी कोरं.
एकदा जिन्यात गाठून हळूच म्हणाला,
'काका, हा ओपन की क्लोज?'
मी त्याला बुद्धिबळ समजावलं.
तो समजूतदारपणे हसला.
७१७२. बेरीज सतरा, म्हणजे सत्ता.
वीस रुपये लावले त्याने. लागले.
पेढे घेऊन आला.

७१७२ म्हणजे बाईंचा राजा एक घर पुढे.
पुढच्या कार्डावर ७२७१. राजा मागे.
परत पुढे. परत मागे.
गॅलरीत येऊन रस्ता बघावा
आणि दुधाची आठवण होऊन आत जावं, तसा.
चार चालींत मात आहे.
ती मलासुद्धा दिसते,
बाईंना न दिसायला काय झालं?

वय झालं असेल.
आकडा लिहिताना हात चुकला असेल, चारदा.
किंवा मुद्दाम.
चूक आहे की दया, हे ओळखण्याइतका
मी खेळाडू नाही.
तेवढा असतो तर उंट गेला असता का.

माझा हत्तीही मी दोन घरांत असाच हलवला
तर तिसऱ्या खेपेला बरोबरी मागता येते.
नियमात आहे. बाईंना नियम पाठ असणार.
मग एक शेवटचं कार्ड, 'आभारी आहे', सही,
आणि वायंगणकर सरळ वरच्या मजल्यावर जाईल
माझ्या दाराशी न थांबता.

म्हणून मी हत्तीला दर वेळी
नवीन घर शोधतो.
अजून अकरा उरलीत, मोजली.
त्यांतल्या तिघांत तो मरतो,
ती शेवटी वापरीन.

नाक्यावरच्या पेटीतली डाक साडेनऊला निघते.
मी कार्ड पावणेदहाला टाकतो.