हातचा

रबाबच्या लग्नाला चाळीस दिवस उरले तेव्हा
मी शाळेच्या कचेरीतून एक कोरी वही आणली,
उजवीकडे समास आखला
आणि वर लिहिलं : नवरीचं अंग.
खोडलं. लिहिलं : नवरीचा खर्च.

अत्बराच्या बाजारात चंदन
सोमवारी एका भावाचं, गुरुवारी दुसऱ्या.
अब्दुलबाकी म्हणतो, 'मी नाही वाढवत, बाई,
भाव स्वतःच चालत येतो सकाळी, माझ्या आधी.'
लवंगा पाव किलो. महलबच्या बिया.
कस्तुरी म्हणून जे काही विकतात त्याची एक बाटली.
दिलक्याच्या उटण्याला ज्वारीचं पीठ, ते घरचं.
साखर दोन किलो, लिंबं सहा;
त्यांचा चिकट पाक अंगावरची लव ओढून काढतो.
ह्या रकान्यात रबाबच्या किंकाळ्या धरलेल्या नाहीत.

मेंदीवाली सित्तना आली, चहात चार चमचे साखर घालून घेतली
(दोन किलोचे सव्वादोन केले),
म्हणाली, हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत,
अर्धे पैसे आधी.
मी म्हटलं, मावशी, अंथरूण पाहून पाय रंगव.
ती हसली. पाय घोट्याच्या वर चार बोटांवर थांबले,
रबाब रुसली ती दिवेलागणीपर्यंत.
मुअतसिम पोर्ट सुदानला क्रेन चालवतो,
तो काय वेलीची पानं मोजणार आहे?
'मोजेल,' रबाब म्हणाली. 'तू मोजतेस तसं नाही.'

मग राहिलं लाकूड.
तल्हच्या धुराशिवाय नवरी नाही :
जमिनीत खड्डा, खड्ड्यात निखारे,
वर मधोमध भोकाची चटई,
अंगाला तेल, गळ्यापर्यंत घोंगडी,
आणि घाम, रोज, कातडीवर मधाचा रंग चढेपर्यंत.
पोत्याचा भाव ऐकून मी वही मिटली.
रात्री उघडली. बेरीज तीनदा केली,
वजाबाकी एकच जमली :
चाळीस दिवसांचे एकवीस.

आई मसूर निवडत होती. काही बोलली नाही.
आत गेली आणि खाटेखालून ओढत आणलं
एक अर्धं पोतं, तोंड सुतळीनं शिवलेलं.
वडील पगाराच्या दिवशी
रेल्वेच्या कारखान्यातून परतताना खांद्यावर आणायचे, तसलं.
साडेचार वर्षं झाली.
विधवेला धूर नाही, मेंदी नाही,
हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही,
तरी त्याच आठवड्यात खड्ड्यावर फळी पडली होती
आणि फळीवर पाण्याचा माठ.
मला वाटायचं, लाकूड तिनं केव्हाच वाटून टाकलं.
तिनं दातानं सुतळी तोडली.
'फार वाळलंय,' म्हणाली. 'भसकन पेटेल. एकेक घाला.'

वहीत लिहिलं : लाकूड, अर्धं पोतं.
पुढे शून्य काढताना पेन अडलं.
जुन्या मालाची किंमत कशी लावायची
ते मी कचेरीत शिकलेय : घसारा वजा जाता.
इथे घसारा कुणाचा धरायचा?

पहिल्या दिवशी रबाब घोंगडीतून नुसतं डोकं काढून बसली,
लालबुंद, आम्हा सगळ्यांचा उद्धार करत.
मी बिनलग्नाची, म्हणून वाऱ्याच्या मागे.
आई दाराच्या आत.
धुराला हे नियम कुणी सांगितले नसावेत.
रात्री आईनं अंगावरचा तोब सोडला,
नऊ हात कापडाची घडी करता करता नाकाशी धरला,
थांबली, पुन्हा धरला,
आणि धुण्यात न टाकता उशाशी ठेवला.
मी दिवा बारीक केला.

सकाळी चंदन परत चढलं होतं.
बेरीज नव्याने मांडली, शंभराचा फरक येत राहिला.
आकडे वरून खाली तपासले, खालून वर,
आणि सापडलं :
हातचा एक धरायचा राहून गेला होता.
अंगणातून रबाब ओरडली, निखारे विझतायत.